देवलमास्तर

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील गावे सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या आणि तिला मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्यांच्या काठी वसलेली आहेत. शिमगा जवळ आला, की मुंबईस पोटापाण्यासाठी गेलेले चाकरमानी गावी परततात. ग्रामदेवतेची पालखी निघते, ढोल वाजू लागतात आणि ओस पडलेली घरे माणसांनी भरून जातात. कोकणातील पुष्कळ गावांना अशा उत्सवांच्या दिवसांत नाटक करण्याची जुनी हौस आहे. दिवसा शेतात राबणारा किंवा गिरणीत काम करणारा तरुण रात्री देवळासमोरच्या मांडवात राजा होतो. त्यासाठी कित्येक दिवस आधीपासून तो वही हातात घेऊन आपली भाषणे घोकीत असतो. भाषणे चोख पाठ झाली, म्हणजे नाटक बसले, असे त्याला वाटते.

परंतु भाषण पाठ येणे निराळे आणि ते बोलता येणे निराळे. तोच राजा, तीच वाक्ये. एकाच्या तोंडून ती आली, तर प्रेक्षक जांभया देतात आणि दुसऱ्याच्या तोंडून आली, तर त्याच प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. हे अंतर कशाने पडते? पुष्कळ लोक म्हणतात, की ती देवाची देणगी आहे. ती असावी लागते, शिकवून येत नाही. महाराष्ट्रात एक पुरुष असा होऊन गेला, की ज्याने हे मत आपल्या कृतीने खोटे पाडले. तो कोकणचा नव्हे, घाटावरचा होता. त्याचे नाव गोविंद बल्लाळ देवल. नाटककार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. परंतु नाटक मंडळ्यांतील माणसे त्यांना ओळखीत ती देवलमास्तर या नावाने.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी हरिपूर येथे झाला. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम होतो. त्या संगमावर हे गाव आहे. मराठी नाटकाचा जन्मही याच परिसरातला. देवलांच्या जन्मापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८४३ साली, सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ करून दाखविला होता. भाव्यांच्या खेळात सर्व पदे सूत्रधार गाई. पात्रांना लिहिलेली भाषणे नसत. कथेच्या ओघात ज्याला जे सुचेल, ते त्याने बोलावे, अशी रीत होती. राक्षस आला, की तो अललडुर्र अशी आरोळी ठोकी, तलवारी खणखणत आणि पोरेसोरे भिऊन आईच्या पदराआड लपत. तो खेळ मोठ्या गमतीचा होता, यात संशय नाही. तथापि मनुष्याच्या मनातील सुखदुःख त्या आरडाओरडीत बोलून दाखविता येण्याजोगे नव्हते.

गोविंदरावांचे इंग्रजी शिक्षण बेळगावास झाले. तेथे त्यांना एक शिक्षक असे लाभले, की ज्यांच्यामुळे त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. ते शिक्षक म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. त्यांना सारे जण अण्णासाहेब म्हणत. मॅट्रिक झाल्यावर देवल त्याच बेळगावात शिक्षक झाले. वर्गात मुलांना धडा समजावून सांगणारा हा तरुण पुढे मोठमोठ्या नटांना त्यांचे धडे समजावून सांगणार होता. शाळेतील वर्ग आणि नाटकाची तालीम यांत देवलांनी फारसा भेद कधी मानला नसावा, असे त्यांचे चरित्र पाहून वाटते.

अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळीचा एक संगीत खेळ पाहिला आणि मराठीतही असे काही करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. कालिदासाच्या शाकुंतलाचे त्यांनी मराठी संगीत नाटक रचले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. आता सूत्रधार सगळ्यांच्या वतीने गात नव्हता. शकुंतलेचे पद शकुंतलेने गावे आणि दुष्यंताचे दुष्यंताने, असे ठरले. लिहिलेली भाषणेही तशीच ज्याची त्याने बोलावयाची. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल. परंतु तिने नटाचे काम दुप्पट अवघड झाले. गाणारा पुष्कळदा बोलण्यात कच्चा असे आणि बोलणाऱ्याला सूर सापडत नसे. अशांना घडविण्यासाठी कोणी तरी रोज त्यांच्यासमोर बसणे अवश्य झाले. अण्णासाहेब स्वतः ते काम करीत, आणि देवल त्यांच्या हाताखाली भूमिका करता करता तालमीतही त्यांना साहाय्य करीत. शिकविणे कसे असते, हे देवल तेथे शिकले.

तालीम हा शब्द मराठीत दोन ठिकाणी चालतो. मल्ल जेथे मेहनत करतात, ती तालीम. आणि नट जेथे भूमिकेची तयारी करतात, तीही तालीमच. दोहोंत एक साम्य खरे आहे. आखाड्यात पाऊल टाकल्याबरोबर कोणी पैलवान होत नाही, तसे तोंडाला रंग लावल्याबरोबर कोणी नट होत नाही.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते. गुरूच्या मृत्यूनंतर देवल पुण्यास आले आणि त्यांनी शेतकीच्या अभ्यासक्रमात नाव घातले. पोटासाठी सुरक्षित धंदा शोधावा, असे त्यांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. त्या काळी नाटकात काम करणाऱ्याला समाजात मान नसे. शिकल्यासवरल्या घरातील मुलगा नाटकवाल्यांच्या नादी लागला, म्हणजे तो वाया गेला, असे मानीत. परंतु पुण्यात आर्योद्धारक नाटक मंडळी नावाची एक निराळीच मंडळी होती. तीत सुशिक्षित तरुण एकत्र येऊन शेक्सपिअरची व संस्कृतातील नाटके मराठीत करीत. देवल तिच्यात सामील झाले. इंग्रजी ग्रंथांतून नाटक वाचणे, त्यातील प्रत्येक पात्राच्या स्वभावाची चर्चा करणे आणि मग ते पात्र उभे करणे, ही पद्धत येथे त्यांच्या अंगवळणी पडली.

या विद्येचा खरा कस लागला तो १८९० साली. शेक्सपिअरच्या ऑथेल्लो या नाटकावरून देवलांनी झुंझारराव हे नाटक लिहिले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते करावयास घेतले. झुंझाररावाची भूमिका गणपतराव जोशी यांच्याकडे आली. गणपतराव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि अंगी विलक्षण तेज होते. परंतु शालेय शिक्षण फार थोडे. ज्या कवीचे नाटक ते करणार होते, त्याचे मूळ ग्रंथ त्यांना वाचता येण्यासारखे नव्हते. अशा नटाकडून झुंझारराव करून घ्यावयाचा होता.

ही भूमिका किती कठीण आहे, हे कथा ऐकली म्हणजे कळेल. झुंझारराव हा शूर आणि सरळ मनाचा सेनापती. कमळजा ही त्याची पत्नी. ती निष्पाप आहे. एक कपटी मनुष्य झुंझाररावाच्या मनात तिच्याविषयी संशयाचा एकच कण टाकतो. तो कण रुजतो, वाढतो आणि अखेर झुंझारराव स्वतःच्या हाताने आपल्या पत्नीचा प्राण घेतो. सत्य कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आता एखादा नट पहिल्या प्रवेशापासूनच डोळे वटारून गर्जना करू लागला, तर शेवटच्या प्रवेशासाठी त्याच्यापाशी काय उरेल? आणि प्रारंभीचा झुंझारराव प्रेमळ व शांत दिसला नाही, तर त्याचा नाश पाहून कोणाला वाईट वाटेल? संशय एकाएकी येत नाही; तो पायरी पायरीने चढतो. नटाला त्या सर्व पायऱ्या ठाऊक हव्यात. नुसत्या पाठांतराने त्या सापडत नाहीत, आणि नुसत्या देणगीनेही नाहीत.

देवलांनी गणपतरावांना या भूमिकेची तालीम दिली. भूमिकेचा अर्थ, तिच्यातील चढउतार, कोठे थांबावे, कोठे आवाज खाली आणावा, हे सारे त्यांनी शिकविले. गणपतरावांसारखा शिष्यही दुर्मीळ. सांगितलेले त्यांनी नुसते उचलले नाही, ते पचविले. झुंझाररावाने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे आगरकरांनी भाषांतरिलेल्या हॅम्लेटच्या नाटकात त्यांनी जी भूमिका केली, तिची कीर्ती आजही टिकून आहे. मराठी रंगभूमीवर गणपतराव जोशी हे पहिल्या प्रतीचे गद्य नट मानले जातात. इंग्रजी न शिकलेल्या या नटाला शेक्सपिअरचे अंतःकरण कळले, ते ज्यांनी त्याला समजावून दिले त्यांत देवल प्रमुख होते.

देवलांच्या शिकविण्याचे मर्म काय होते? प्रथम अर्थ आणि मग आवाज, हे ते मर्म. त्यांच्या काळचे पुष्कळ नट भाषण एका ठरावीक हेलात म्हणत. प्रत्येक वाक्याचा शेवट उंच न्यावयाचा आणि मध्येच गर्जना करावयाची, म्हणजे वीररस झाला. देवलांना हे रुचत नसे. घरात मनुष्य जसा बोलतो, तसे रंगमंचावर बोलले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. वाक्यातील कोणत्या शब्दावर आघात द्यावयाचा, हे अर्थावरून ठरते. दादा उद्या महाडहून पोलादपूरला चालत जाणार, हे अगदी साधे वाक्य घ्या. दादा या शब्दावर जोर दिला, तर दुसरे कोणी नव्हे, दादाच जाणार, असा अर्थ होतो. उद्या या शब्दावर जोर दिला, तर आज नव्हे, एवढेच कळते. चालत या शब्दावर जोर देताच ऐकणाऱ्याला नवल वाटते, की बस असताना हा पायी का जातो! शब्द एकही बदलला नाही, तरी तीन वाक्ये झाली. सहा शब्दांच्या वाक्याची ही गोष्ट. मग तीन तासांच्या नाटकात अशी किती वाक्ये असतील आणि ती एकेक करून तपासून घेण्यास किती चिकाटी लागत असेल, याचा अंदाज करावा.

यात आणखी एक अडचण होती. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. घरातल्यासारखे बोलावे, हे खरे. परंतु ते शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही ऐकू गेले पाहिजे. मनुष्य कानात कुजबुजतो आहे असे तर वाटावे, आणि त्याची कुजबुज शे-दोनशे हातांवर पोहोचावी! यासाठी श्वास साठविणे, शब्दाचा उच्चार स्वच्छ करणे, अखेरचे अक्षर न गिळणे, हे सर्व रोजच्या मेहनतीने साधावे लागे. गाणाऱ्यांना तर त्याशिवाय गवयापाशी बसून स्वरांचा रियाज करावा लागे. स्त्रियांच्या भूमिका तेव्हा पुरुषच करीत. त्यामुळे लुगडे नेसून चालावे कसे, बसावे कसे, पदर कसा सावरावा, हेही मुलांना शिकावे लागे. मंडळी गावोगाव फिरे. एकाच बिऱ्हाडात राहणे, एका पंक्तीला जेवणे, रात्री खेळ आणि दिवसा पुन्हा तालीम, असा तो क्रम असे. नटांची शाळा होती ती हीच. तिला इमारत नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले १९५९ साली. त्याच्या कितीतरी आधी मराठी मुले या फिरत्या शाळेत शिकत होती.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांतील सहांना संस्कृत किंवा परभाषेतील आधार आहे. शूद्रकाच्या नाटकावरून त्यांनी मृच्छकटिक केले आणि बाणभट्टाच्या कादंबरीवरून शापसंभ्रम. शिकविणाऱ्याच्या हातून लिहिली गेल्यामुळे या नाटकांची भाषा तोंडात सहज बसते. जड शब्दांची आरास तीत नाही. बोलणाऱ्याचा श्वास कोठे संपेल, याची जाणीव ठेवून जणू त्यांनी वाक्ये बांधली आहेत. त्या काळच्या इतर कित्येक नाटककारांची अलंकारांनी लादलेली भाषणे आज वाचवत नाहीत; देवलांची वाचवतात.

सातवे नाटक मात्र त्यांचे सर्वस्वी स्वतःचे. ते म्हणजे शारदा. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली ते रंगभूमीवर आणले. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या श्रीमंताशी लावण्याची दुष्ट चाल तेव्हा होती. अशा मुलीला कोणी काही विचारीत नसे. देवलांनी तिला रंगमंचावर उभे केले आणि तिचे दुःख तिच्याच तोंडून वदविले. कांचनभट हा लोभी बाप, भुजंगनाथ हा नवरदेव होऊ पाहणारा वृद्ध, भद्रेश्वर हा लग्न जुळवून पैसे मिळविणारा मध्यस्थ. ही सारी माणसे प्रेक्षकांना आपल्या गल्लीतलीच वाटली. त्यांनी त्यांना हसविले आणि लाजविलेही. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले, तेव्हा तो या नाटकावरून पडलेला शब्द आहे, असे पुष्कळांस वाटले. वस्तुतः ते नाव तो कायदा मांडणारे हरविलास सारडा यांचे होय. पण मराठी माणसांना शारदाच आठवावी, यातच त्या नाटकाचा प्रभाव दिसून येतो.

शारदेसारखे नाटक हेल काढून बोलणाऱ्या नटांच्या हाती पडते, तर त्याचे हसे झाले असते. देवांची आणि राजांची भाषणे गर्जून म्हणता येतात. परंतु माजघरात रडणाऱ्या मुलीचे बोलणे गर्जून म्हणता येत नाही. नवे नाटक आणि नवा नट हे दोन्ही एकाच वेळी घडवावे लागले आणि ते एकाच मनुष्याने घडविले. योगायोग असा, की शारदेच्या आदल्या वर्षी, १८९८ साली, दूर रशियात मॉस्को शहरी स्तानिस्लाव्स्की आणि त्यांचे सहकारी नेमिरोविच-दान्चेन्को यांनी एक नाट्यसंस्था स्थापन केली. नटाने खोटा आव सोडून खऱ्या मनुष्यासारखे वागावे, हाच त्यांचाही आग्रह होता. स्तानिस्लाव्स्कींनी आपली शिक्षणपद्धती ग्रंथांत लिहून ठेवली आणि ती जगभर गेली. देवलांनी अभिनयाची आपली रीत ग्रंथात मांडून ठेवली नाही. ती त्यांच्या शिष्यांच्या जिभेवर राहिली.

या शिष्यांत दोन नावे फार मोठी आहेत. गणपतराव बोडस हे पंधरा वर्षांच्या वयात, १८९५ साली, किर्लोस्कर मंडळीत आले. पुढे विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही भूमिकांत त्यांच्या तोडीचा नट सापडणे कठीण झाले. देवलांविषयीची आपली कृतज्ञता त्यांनी कधी लपविली नाही. दुसरे नाव नारायण श्रीपाद राजहंस यांचे. सारा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. १९०५ साली ते मंडळीत आले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. मंडळीचा आधारस्तंभ भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. या मुलाचा गळा अलौकिक होता, रूप देखणे होते. परंतु शाळेतले शिक्षण बेताचे आणि रंगभूमीचा सराव मुळीच नाही. केवळ गळ्यावर भिस्त ठेवून त्याला उभे केले असते, तर तो एक गाणारा मुलगा राहिला असता. गाण्याचे शिक्षण त्याला भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाले. शकुंतला कोण आहे, ती राजसभेत कोणत्या मनाने बोलते, शारदेचा आवाज कोठे घोगरा होतो, असले अभिनयाचे सारे शिक्षण त्याला देवलांकडून मिळाले. बालगंधर्वांच्या गाण्याची स्तुती सर्वच करतात. त्यांचे गद्य बोलणेही तितकेच गोड होते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. आणि ते विसरताना देवलमास्तरांचाही विसर पडतो.

शिकविणाऱ्याच्या वाट्याला हे यायचेच. पडदा वर गेला, म्हणजे दिवे नटाच्या तोंडावर असतात. टाळ्या पडतात, त्या त्याला. ज्याने महिना महिना समोर बसून एकेक शब्द घासून घेतला, तो त्या वेळी आतल्या अंधारात उभा असतो. गोविंदरावांनी भूमिका केल्या होत्या, तरी नट म्हणून त्यांचे नाव आज कोणी घेत नाही.

१९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. देवलांनी वीस वर्षांपूर्वी फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा या नावाचे एक गद्य प्रहसन लिहिले होते. फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या नाटकावरून इंग्रजीत आलेल्या कथेचा त्याला आधार होता. एक तसबीर रस्त्यात पडते काय आणि तिच्यावरून नवराबायको एकमेकांचा संशय घेऊन सगळ्यांची झोप उडवितात काय! झुंझाररावात ज्या संशयाने दोन जीवांचा घात केला, तोच संशय येथे हसवून हसवून पुरेवाट करतो. गंधर्व मंडळीसाठी देवलांनी या प्रहसनात पदे घातली आणि त्याचे संगीत नाटक केले. त्याचे नाव संशयकल्लोळ.

१४ जून १९१६ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, देवलांचे देहावसान झाले. संशयकल्लोळ तेव्हा रंगभूमीवर आले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गंधर्व मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. संशयी फाल्गुनराव झाले होते गणपतराव बोडस आणि रेवतीच्या वेषात होते बालगंधर्व.